झाडावरच्या कामाचा हार्नेस: आधी लटकून बघा, मग घ्या

पावसाळा सुरू व्हायच्या आधी, एप्रिल-मे महिन्यात, कोल्हापुरात फांद्या उतरवायची कामं एकदम अंगावर येतात. बंगल्यावर ओणवलेला आंबा, रस्त्यावर झुकलेला रेनट्री, शाळेच्या पत्र्याला टेकलेला गुलमोहर. अशा कामाला अजूनही बरेच जण कमरेला नायलॉनचा दोर गुंडाळून चढतात, नाहीतर बांधकामावरचा सेफ्टी बेल्ट घालून. कमरेला नुसता दोर असेल तर घसरल्यावर सगळं वजन पोटावर, एका रेघेवर येतं आणि श्वास कोंडतो. बांधकामावरचा बेल्ट पडणं अडवतो, पण त्यात बसून काम होत नाही, पाच मिनिटांत पट्टे जांघेत रुततात. झाडावरचा माणूस मात्र तास-दोन तास पट्ट्यात बसूनच काम करत असतो. म्हणून या कामाचा हार्नेस वेगळा असतो आणि तो निवडायची रीतही वेगळी आहे.

आधी प्रकार ओळखा

बाजारात चार गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. पहिला, बांधकामावरचा पूर्ण अंगाचा हार्नेस. याची मुख्य कडी पाठीवर असते आणि तो पडणाऱ्याला झेलण्यासाठी असतो. क्रेनच्या किंवा ट्रकवरच्या पाळण्यात उभं राहून छाटणी करायची असेल तर हाच लागतो. दुसरा, गिर्यारोहणाचा हलका हार्नेस. सह्याद्रीत कातळावर चढणाऱ्या पोरांकडे तो असतोच आणि झाडालाही चालेल असं वाटतं. पण त्याला कमरेच्या दोन्ही बाजूंना खोडाभोवतीचा दोर अडकवायच्या डी-रिंगा नसतात, गादी पातळ असते आणि करवतीचं वजन लटकवलं की तो एका बाजूला ओढला जातो. तिसरा, खांबावर चढणाऱ्याचा नुसता कमरेचा पट्टा. मांडीपट्टे नसलेली कोणतीही वस्तू झाडासाठी घेऊ नका. पाय सुटला की हा पट्टा सरकत काखेपर्यंत येतो.

चौथा म्हणजे आपल्याला हवा तो, झाडावर बसून काम करायचा हार्नेस. रुंद गादीचा कमरपट्टा, दोन मांडीपट्टे, पोटासमोर आडवा दोर किंवा पट्टा, ज्याला ब्रिज म्हणतात, त्या ब्रिजवर डावी-उजवीकडे सरकणारी रिंग, दोन्ही कुशींना डी-रिंगा आणि हत्यारं अडकवायच्या कड्या. वजन साधारण दीड ते अडीच किलो भरतं.

यातही दोन घराणी आहेत. सुटे मांडीपट्टे असलेला आणि मांडीखाली आडवी फळी असलेला. फळीचा हार्नेस खोडाला चिकटून, एका जागी बराच वेळ लटकून काम करणाऱ्याला सुखाचा. मांड्या चिमटत नाहीत. पण फांदीवर चालताना फळी मागे लोंबते आणि डहाळ्यांत अडकते. वड, चिंच, आंबा अशा पसरलेल्या झाडांत माणूस सतत फांदीवरून फांदीवर जातो. तिथे सुटे मांडीपट्टेच बरे. निलगिरी किंवा सिल्व्हर ओक वरून तुकडे करत खाली आणायचा असेल तर फळीचा विचार करा. एकच हार्नेस घ्यायचा तर आमचं मत मांडीपट्ट्यांच्या बाजूने.

लेबल वाचा, मगच हात लावा

कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूला शिवलेलं लेबल असतं. त्यावर बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, माप, सीरियल नंबर, बनवल्याचा महिना-वर्ष आणि मानकाचा क्रमांक हवा. ईएन म्हणजे युरोपीय मानक. बसून काम करायच्या हार्नेसला ईएन ८१३, बाजूच्या डी-रिंगांवर रेलून काम करायला ईएन ३५८. हे दोन्ही आकडे हवेत. ईएन ३६१ हे पडणं झेलणाऱ्या पूर्ण अंगाच्या हार्नेसचं मानक, तर ईएन १२२७७ गिर्यारोहणाचं. नुसतं ‘सीई’ छापलंय आणि मानकाचा क्रमांक नाही, तर त्या छापाला अर्थ नाही. भारतीय मानक आयएस ३५२१ आहे. आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. फक्त एवढं लक्षात ठेवा की आयएस ३५२१ चा शिक्का असलेला बहुतेक माल पडणं झेलण्यासाठी बनलेला असतो. शिक्का खरा असला तरी तुमच्या कामाचा असेलच असं नाही.

ईएन ८१३ पाळणाऱ्या हार्नेसची चाचणी १५ किलोन्यूटनला, म्हणजे साधारण दीड टन ओढीला होते. पण हा आकडा फक्त जोडबिंदूंचा, म्हणजे जिथे माणसाला धरणारा दोर जोडायचा त्या जागांचा. हत्यारं अडकवायच्या कड्यांना फक्त काही किलोंची ताकद असते. नवीन माणूस घाईत दोराचा कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, अशा कडीत अडकवतो. जमिनीवर ओढून बघितलं तर ती धरते सुद्धा. वर सगळा भार आला की उसवते. म्हणून शिकाऊ माणसासाठी घेत असाल तर असा हार्नेस निवडा ज्यात जोडबिंदू धातूचे किंवा वेगळ्या रंगाचे आहेत आणि हत्यारांच्या कड्या दिसायलाच प्लास्टिकच्या नळीच्या आहेत. हाताने चाचपून फरक कळला पाहिजे.

माप: पॅंटची कंबर सांगू नका

पॅंट जिथे बसते तिथलं माप इथे कामाचं नाही. कमरेच्या हाडांची वरची कड बोटांनी शोधा. कमरपट्टा त्या कडेच्या लगेच वर, कमरेच्या सर्वांत बारीक भागावर बसतो, म्हणजे उलटं झालं तरी हाडावरून खाली सरकत नाही. तिथे टेप लावा, कामाचे कपडे घालूनच. मग मांडीचं माप, जांघेच्या चार बोटं खाली. तिसरं माप बहुतेक जण घेतच नाहीत: कमरपट्टा जिथे बसतो तिथपासून मांडीपट्ट्यापर्यंतची उभी लांबी. उंच माणसाला ही कमी पडली की मांडीपट्टे वर ओढले जाऊन जांघेत बसतात.

बहुतेक कंपन्यांचे तक्ते कमरेवर बेतलेले असतात. आपल्याकडे तालमीत घडलेली पोरं या कामात बरीच आहेत. कंबर ३२ इंच आणि मांडी २५-२६ इंच. तक्त्यातल्या मध्यम मापात त्यांची कंबर बसते, मांडी बसत नाही. मोठं माप घेतलं तर मांडी बसते आणि कमरपट्टा गोल फिरतो. अशा वेळी मांडीपट्टे वेगळ्या मापाचे लावता येतील असं मॉडेल शोधा, किंवा ज्याच्या मांडीपट्ट्याला स्वतंत्र बक्कल आणि भरपूर लांबी आहे असं.

माप बरोबर आहे का ते तीन खुणांनी कळतं. बक्कल आवळल्यावर पट्ट्याचं टोक निदान ८-१० सेंटिमीटर बाहेर राहतं. कमरेच्या गादीची दोन टोकं पोटावर एकमेकांना भिडत नाहीत. भिडली तर पुढे आवळायला जागाच उरली नाही. आणि दोन्ही डी-रिंगा बरोबर कुशीत येतात. मोठ्या मापात त्या पोटाकडे किंवा पाठीकडे सरकतात आणि खोडाभोवतीचा दोर तिरका ओढायला लागतो. मांडीपट्टा आणि मांडी यांच्यामध्ये सपाट तळहात जावा, मूठ जाऊ नये.

पट्टा घालायचा क्रमही ठरलेला आहे: आधी कंबर, मग मांड्या, शेवटी ब्रिज आणि मांडीपट्टे कमरेला जोडणारे उभे पट्टे. क्रम उलटा केला की कमरपट्टा खाली ओढलेल्या अवस्थेतच आवळला जातो.

लटकून बघणं

दुकानात आरशासमोर उभं राहून प्रत्येक हार्नेस छान वाटतो. उभ्या माणसाच्या अंगावर त्याचा काही भारच नसतो. खरी परीक्षा पाय उचलल्यावर सुरू होते. दुकानात भक्कम लोखंडी तुळई असेल तर तिथेच विनंती करा. नाही म्हणाले तर परत घेण्याची अट आधी विचारून, लेबल-टॅग न काढता घरी आणा आणि आंब्याच्या जाड, जिवंत फांदीला दोर बांधून जमिनीपासून फक्त वीतभर वर लटका. सोबत दुसरा माणूस हवाच. जुन्या वाड्याच्या लाकडी तुळईवर भरवसा ठेवू नका, आतून किती पोखरली आहे ते वरून दिसत नाही.

पहिली पाच मिनिटं नुसतं बसा. दोन्ही हात मोकळे सोडा. खोल श्वास घ्या; कमरपट्टा बरगड्यांना लागत असेल तर भार मांड्यांवर न येता कमरेवर येतोय, उभे पट्टे थोडे आखूड करा. मागे कलंडत असाल तर जोडबिंदू फार खाली आलाय. मांडीपट्टे गुडघ्याकडे घसरत असतील तर नितंबांखालचे मागचे पट्टे ढिले आहेत. जांघेत चिमटा बसत असेल तर घेर ढिला आहे किंवा पट्टाच अरुंद आहे. घेर आवळून बघा, तरी चिमटत असेल तर तो हार्नेस ठेवून द्या, तो वापरून वापरून बसेल असं होत नाही.

मग कामासारखी हालचाल करा. एका बाजूला पूर्ण झुका, जणू फांदीच्या टोकाला हात घालताय. रिंग ब्रिजवर सरकली पाहिजे आणि कंबर तिच्यासोबत वळली पाहिजे. रिंग अडत असेल तर पूर्ण दिवस तो दोर तुमचं पोट ओढत राहील. गुडघा छातीपर्यंत उचला. खोडाभोवती दोर टाकून दोन्ही डी-रिंगांवर रेला. सोबतच्याला धरायला लावून एकदा उलटे व्हा, कमरपट्टा हाडाखाली सरकला तर तो तुमच्या मापाचा नाही. शेवटी करवत, कॅराबिनर, पाण्याची बाटली असं खरं वजन कड्यांत अडकवून पंधरा मिनिटं बसा.

या पंधरा मिनिटांत पावलं बधिर झाली, मुंग्या आल्या, तर मांडीचा रक्तप्रवाह दबतोय. घाम सुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खाली उतरा. पट्ट्यात न हलता लटकलेल्या माणसाच्या पायात रक्त साचतं आणि तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. म्हणूनच झाडावर एकट्याने काम करायचं नाही आणि खाली असलेल्या माणसाला वरच्याला उतरवता आलं पाहिजे. १०८ ला फोन करणं नंतरचं.

एक गोष्ट या चाचणीतही कळत नाही: पहिल्या तासाभरात नवीन पट्टे बसतात आणि ढिले पडतात. पहिल्या दिवशी खाली उतरून एकदा सगळं पुन्हा आवळा.

ब्रिज आणि रिंगा

पूर्ण हार्नेसमध्ये सर्वांत आधी झिजतो तो ब्रिज. रिंग दिवसातून शेकडो वेळा त्याच्यावरून सरकते, फांद्यांची साल घासते, हातकरवतीचं टोक लागतं ते तिथेच. त्यामुळे ब्रिज बदलता येतो का आणि त्याचा सुटा भाग मिळतो का, हा प्रश्न दुकानदाराला सर्वांत आधी विचारा. ब्रिज शिवून टाकलेला असेल तर तो झिजला की पूर्ण हार्नेस गेला.

दोराचा ब्रिज पट्ट्याच्या ब्रिजपेक्षा तपासायला सोपा. रोज सकाळी तो दोन बोटांत धरून पूर्ण लांबी चाचपा. वरचं आवरण तुटून आतला पांढरा गाभा दिसला, एखादी जागा मऊ पोकळ लागली किंवा काचेसारखी गुळगुळीत कडक झाली, तर त्याच दिवशी बदला. कडक गुळगुळीत डाग म्हणजे घर्षणाने धागा वितळलाय. पॉलिस्टर साधारण २५० अंश सेल्सिअसला वितळतं, डायनिमा (हलक्या, मजबूत दोरांत वापरतात तो धागा) त्याच्या बरंच आधी, १५० च्या आसपासच. झटपट खाली उतरल्यावर तापलेली धातूची रिंग ब्रिजवर टेकवू नका.

ब्रिज तुटला म्हणून लक्ष्मीपुरीतून तेवढ्याच जाडीचा नायलॉनचा दोर आणून गाठी मारायचा मोह होतो. तो दोर सामान आवळण्यासाठी बनलेला असतो, माणूस टांगण्यासाठी नाही. त्याच्या गाठी भार आल्यावर सरकतात. ब्रिज बनवणाऱ्याचाच घ्या.

लांबीबद्दल: नवशिक्याने आखूड ठेवावा, रिंग पोटापासून चार बोटांवर. चढायच्या दोराची गाठ हाताशी राहते. फांदीच्या टोकाकडे जास्त काम करणाऱ्याला लांब ब्रिज सोयीचा, वीतभरापर्यंत. त्याहून लांब केला की गाठ तोंडासमोर येते आणि हात पोचत नाही. दोन दोरांवर काम करणार असाल तर ब्रिजवर दोन रिंगा बसतात का ते बघून घ्या. चेन सॉ चालवताना दुसरी जोडणी लागतेच: मुख्य दोर आणि खोडाभोवतीचा लॅन्यार्ड, दोन्ही एकाच वेळी. लॅन्यार्ड कधी ढिला सोडू नका. बसायच्या हार्नेसमध्ये अर्धा मीटर पडलं तरी मणक्याला जोराचा हिसका बसतो.

अॅल्युमिनियमच्या रिंगा हलक्या, पोलादाच्या जास्त टिकाऊ. अॅल्युमिनियमवर दोराने खाच पाडली आणि ती नखाला स्पष्ट लागली, साधारण १ मिलिमीटर खोल झाली, की रिंग बाद. तारेचा गाभा असलेला लॅन्यार्ड हातकरवतीने सहज कापला जात नाही, पण वीज वाहून नेतो. महावितरणच्या तारांजवळचं झाड असेल तर वीजपुरवठा बंद झाल्याशिवाय कोणताही हार्नेस घालून चढू नका.

आपला पाऊस, आपली माती

कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस, गगनबावड्यात त्याच्या पाचपटीपर्यंत. आंबा घाट, राधानगरी, दाजीपूर भागात काम असेल तर जूनपासून हार्नेस वाळतच नाही. म्हणून गादीचा फोम बंद पेशींचा हवा, पाणी न पिणारा. ओळखायची सोपी खूण: गादीच्या शिवणीजवळ थोडं पाणी ओता आणि दाबा. दाबल्यावर स्पंजसारखं पाणी बाहेर आलं तर तो फोम पावसाळ्यात किलोभर जड होणार आणि बुरशी धरणार. आतून जाळीचं कापड असलेली गादी मे महिन्याच्या घामालाही बरी.

भार घेणारे पट्टे पॉलिस्टरचे असतील तर ओले झाले तरी ताकद टिकते. नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं असताना थोडं कमजोर होतं, वाळलं की पूर्ववत. इचलकरंजीच्या मागांवर वाढलेल्या वाचकाला विणीबद्दल सांगायला नको: पट्टा घट्ट आणि एकसारखा विणलेला हवा, कडेचे धागे सुटलेले नकोत. टाक्यांचा दोरा पट्ट्याहून वेगळ्या रंगाचा असेल तर उत्तम. काळ्या पट्ट्यावर काळे टाके असतील तर तुटलेला टाका दिसत नाही.

बक्कल दोन प्रकारचं: पट्टा ओवून आवळायचं आणि टक्कन बसणारं. टक्कन बसणारं जलद आहे, पण पन्हाळा-राधानगरीकडची लाल जांभ्याची माती त्याच्या खाचेत घट्ट बसते आणि ते अर्धवट लागतं. लावल्यावर दोन्ही बाजूंनी ओढून बघायची सवय हवी. ओवायच्या बक्कलात पट्टा परत उलटा ओवायचा असतो. तो ओवायचा राहिला तर उभं असताना काही कळत नाही, बसल्यावर पट्टा सरकत निघून जातो.

काय करू नये

कोल्हापुरात चामडं शिवणारे हात आणि धातू घडवणारे हात दोन्ही जगात नाव काढणारे. तरीही उसवलेला हार्नेस चप्पल लाइनला शिवायला देऊ नका. हाताच्या टोच्याने पडणारं प्रत्येक भोक पट्ट्याचे धागे तोडतं, आणि मूळ शिवण ठरावीक दोऱ्याने, ठरावीक टाक्यांत, यंत्राने घातलेली असते. तसंच तुटलेली डी-रिंग उद्यमनगरात वेल्डिंग करून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि जोडाजवळ ते ठिसूळ होतं. रंग लावून दिसायला मूळपेक्षा देखणं दिसेल, भार आल्यावर न वाकता तुटेल.

सेकंड हँड हार्नेस ज्याचा इतिहास माहीत नाही, तो फुकट मिळाला तरी नको. २०१९ आणि २०२१ सारख्या पुरात बुडालेला माल तर मुळीच नको. पुराच्या पाण्यात गटार, डिझेल, शेतीची औषधं, बॅटरीचं ॲसिड सगळं असतं. ॲसिड नायलॉनला खातं, चुना आणि सिमेंटचं पाणी पॉलिस्टरला. दोन्हींत पट्टा वरून धडधाकट दिसतो. याच कारणाने टेंपोच्या हौद्यात बॅटरीशेजारी किंवा सिमेंटच्या पोत्यावर हार्नेस टाकू नका.

आंब्याचा, फणसाचा चीक लागला तर रॉकेल किंवा पेट्रोलने काढू नका. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश; पाणी ३० अंशाच्या पुढे नको. चिकाचा डाग राहिला तर राहू द्या, डागाने ताकद कमी होत नाही. पिळू नका, वॉशिंग मशीनमध्ये फिरवू नका, सावलीत उलटा टांगून वाळवा. गच्चीवरचं ऊन पट्ट्याला हळूहळू मारतं. रंग उडालेला, हाताला ताठ लागणारा पट्टा हे त्याचं लक्षण. उंदीर पोचणार नाहीत अशा जागी पिशवीत टांगून ठेवा.

कधी बाद करायचा

पट्टा इंग्रजी यू सारखा वाकवून बाहेरची वळणाची बाजू उजेडात बघा, हाताएवढ्या टप्प्याने पूर्ण फिरवत. कापलेला धागा, वितळलेला डाग, उसवलेला एकही भार घेणारा टाका, न वाचता येणारं लेबल, यातलं काहीही दिसलं तर बाद. मोठा हिसका बसला असेल तर काही न दिसताही बाद; काही हार्नेसमध्ये त्यासाठी आत घडी घातलेले खुणेचे टाके असतात, ते उघडले की समजावं. आणि कापड-प्लास्टिकच्या भागांना वयाची मर्यादा असते. अनेक कंपन्या बनवल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं सांगतात. रोज वापरणाऱ्याचा हार्नेस त्याच्या खूप आधी संपतो. खरेदीची तारीख, सीरियल नंबर आणि दर तपासणीची नोंद एका वहीत ठेवा, दर सहा महिन्यांनी दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

बाद झालेला हार्नेस भंगारात तसाच देऊ नका. कमरपट्टा, मांडीपट्टे आणि ब्रिज कात्रीने आरपार कापा, लेबल काढून वहीत चिकटवा. न कापलेला पट्टा दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी कमरेला नारळाच्या झाडावर दिसतो.